तिसऱ्या डब्याच्या मुंग्या

मला भीती वाटते असं म्हटलं की आमच्या घरात हसू होतं. दयानंद, म्हणजे माझा नवरा, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की आमच्या उज्वलाला कुकरच्या शिट्टीचंसुद्धा भ्या वाटतं. खरं आहे, वाटतं. ज्या वस्तूच्या आत काय चाललंय ते दिसत नाही त्या प्रत्येक वस्तूची मला भीती वाटते, आणि त्यात नवराही आला. पण त्या दुपारनंतर घरात माझ्या भीतीला कुणी हसलेलं नाही, म्हणून सांगते.

माझ्या सासूबाई केवळाबाई. मी त्यांना आत्या म्हणते. उभा जन्म चुलीपुढे गेला आणि धुरानं छाती खाल्ली. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता रात्रंदिवस ऑक्सिजनचं मशीन लागणार, नाकात नळी कायमची. मशीन आणलं. ते विजेवर चालतं, आणि मुरुडच्या अलीकडच्या आमच्या गावात वीज म्हणजे जावयासारखी, आली तर उपकार. मशीन बंद पडलं की आत्यांचे ओठ आधी फिके होत, मग निळसर, आणि डोळे माझ्या तोंडाकडे लागत. ते डोळे ज्यानं पाहिले नाहीत त्यानं मला भित्री म्हणू नये.

दयानंदनं ते डोळे पाहिले होते, म्हणूनच त्यानं बॅटरी बांधायला घेतली. मुरुडला त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, हात सोन्याचा आहे, जीभ तेवढी लांब आहे. नांदेडच्या भंगारवाल्याकडून तो इलेक्ट्रिक स्कुटरच्या जुन्या बॅटऱ्या घेऊन आला आणि फोडून त्यातले बोटाएवढे सेल काढले. हजारभर तरी असतील. दिवाणखान्यात ते पापडासारखे वाळत पडलेले असायचे. एकेक तपासून, चांगले निवडून त्यानं सात डबे भरले. पत्र्याचे डबे, आतून फायबर लावलेले, वर झाकणाला हवेसाठी भोकं पाडलेली. सातही एकामागोमाग एक जोडलेले, आणि दर दोन डब्यांच्या मधे विटांची एक आडवी भिंत. स्लॅबवर सोलरच्या पाट्या. दिवसा ऊन डबे भरणार, रात्री डबे मशीन चालवणार.

या सगळ्यावर त्यानं एक हिरवी पट्टी बसवली होती, तिला तो बीएमएस म्हणे. मला समजावं म्हणून म्हणाला, हा रखवालदार आहे. सात डब्यांत कुणी जास्त खाल्लं की हा ताट ओढतो, कुणी उपाशी राहिलं की सगळ्यांचंच काम थांबवतो. मी म्हटलं, मग घरात एक तरी शहाणा आला. फक्त माझं एवढंच म्हणणं होतं की हे आत्यांच्या पलंगाशेजारी नको. पण मागच्या खोलीत सोयाबीनची पोती होती, आणि वायर जेवढी लांब तेवढी वीज वाया, असं त्याचं शास्त्र. त्यामुळे मधल्या खोलीत एका भिंतीला पलंग, समोरच्या भिंतीला डबे, आणि मी दोघांच्या मधून जीव मुठीत धरून झाडू मारायची.

चार महिने बॅटरी गुणी सुनेसारखी चालली. खंडेनवमीला ट्रॅक्टर, पाण्याची मोटर, वाइंडिंगचं मशीन यांच्याबरोबर तिचीही पूजा झाली, हळदकुंकू, झेंडू, नारळ, सगळं साग्रसंगीत. आत्यांनी पलंगावरूनच हात जोडले. दिवाळी उरकली आणि रब्बीचं पाणी सुरू झालं. सगळ्यांनी एकदम मोटारी चालू केल्या आणि गावाची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली. नवी डीपी येणार, येणार, म्हणून रोज ऐकायचं. आता घरात वीज म्हणजे फक्त ते सात डबे.

आणि नेमकं तेव्हाच डब्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. दुष्काळात तेरावा महिना. भरल्या बॅटरीतून पहाटे मशीन एकदम गप्प व्हायचं. मशीनचा आवाज घरात इतका मुरलेला की तो थांबला की मी झोपेतून ताडकन उठे. घरात ऑक्सिजनचा एक छोटा सिलेंडर होता, दवाखान्यात नेण्यापुरता. तो आत्यांना लावायचा, दयानंदनं मीटर घेऊन डब्यांपुढे बसायचं, आणि मी दोघांकडे आळीपाळीनं बघायचं.

रोग त्याला लगेच सापडला, कारण सापडेना. सहा डबे ठीक, तिसरा रिकामा. रखवालदाराच्या नियमानं एक उपाशी म्हणून सगळ्यांचं काम बंद. त्यानं तिसरा डबा वेगळा भरला. दोन दिवस बरे गेले, परत रिकामा. वरचे नट आवळले, वायरी बदलल्या, तिसऱ्यातली बाजूनं दिसणारी सेलांची ओळ तपासली. परत तेच. घोड्याला दाणा घालावा आणि तो रातोरात कुणी खाऊन जावा, तसं झालं होतं. त्याची चिडचिड वाढली, जेवणात मीठ कमी-जास्त दिसायला लागलं. मग त्यानं निकाल दिला, की ही हिरवी पट्टीच बिघडली आहे, तीच तिसऱ्या डब्याला पिऊन राहिली आहे. लातूरहून नवी आणायची.

त्या दिवसांत मला त्या भिंतीशी मुंग्या दिसत होत्या. बारीक, लाल. मी खडूची रेघ मारली की दोन दिवस जात, मग रेघेला वळसा घालून परत येत. आत्यांचा चहा सांडत असेल म्हणून मी पुसून घेई. दयानंदला एकदा म्हटलं, तर म्हणाला की मुंग्या बॅटरी खात नाहीत.

लातूरला जायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं जे केलं ते मी उभी राहून पाहिलं. पहाटे मशीन बंद पडू नये म्हणून त्यानं ती हिरवी पट्टी बाजूला केली आणि तिला वगळून जाड वायर सरळ जोडली. म्हणजे रखवालदाराला सुट्टी. मी विचारलं, आणि कुणी जास्त खाल्लं तर? तो म्हणाला, एका दिवसानं काय होतंय, उद्या दुपारपर्यंत नवी बसवतो. त्या रात्री मशीन एकदाही थांबलं नाही. आत्या कितीतरी दिवसांनी गाढ झोपल्या. मला मात्र डोळा लागला नाही.

सकाळी तो मोटरसायकल घेऊन गेला. घरात मी, आत्या आणि सासरे ग्यानोबा. त्यांना मी मामा म्हणते. ऊन वर आलं, स्लॅब तापला. मी आत्यांना भाकरीचा काला भरवत होते तेव्हा मला वास आला. गोडसर. नखाला लावायच्या रंगासारखा. माझ्याकडे तो रंग नव्हता आणि घरात लावणारं दुसरं कुणी नव्हतं.

मी डब्यांकडे वळले. दिसायला सगळं जिथल्या तिथे. हाताची मागची बाजू पहिल्या डब्याला लावली आणि झटक्यात काढून घेतली. तव्यावरून भाकरी उलटताना चटका बसतो तसा बसला. दुसराही तापलेला. तिसरा मात्र गार, पार दगड. चौथा परत तापलेला, पुढचे तिन्हीही. तापलेल्या सहांपेक्षा त्या एका गार डब्याची मला जास्त भीती वाटली, कारण ते कोणत्याच हिशेबात बसत नव्हतं.

फोन लावला. दयानंद लातुरात दुकानात उभा होता. आधी म्हणाला की ऊन जास्त आहे, गरम होणारच. मी म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकू नका, मीटर कुठं लावू ते सांगा. त्यानं सांगितलं, मी तांबडी पिन इथे, काळी तिथे अशी लावली. पहिल्या डब्याचा आकडा वाचला. चार पॉइंट सहा, आणि चार पॉइंट दोनच्या वर जाऊ द्यायचा नाही हे त्यानंच सांगितलेलं. त्यानं परत वाचायला सांगितलं. परत तेवढाच, उलट एक घर वर सरकलेला. तिसऱ्याचा वाचला, तर शून्याच्या जवळ. पलीकडे दुकानातल्या माणसांचा आवाज येत होता, त्याचा येत नव्हता. इतक्या वर्षांत हा माणूस माझ्यापुढे पहिल्यांदाच गप्प झाला होता.

"उज्वला," तो म्हणाला, "भिंतीवरचा सोलरचा खटका पाड. मग मायला भाईर काढ. डब्याला हात लावू नको. मी नवी पट्टी घेऊन निघूनच राहिलो."

"पट्टी मरू द्या तिकडं," मी म्हटलं. "मोठा सिलेंडर घेऊन या."

खटका पाडला. वाटलं की आता थांबेल. थांबलं नाही, वास वाढतच गेला. पहिल्या डब्यातून आता बारीक आवाज येत होता, ओल्या लाकडाचा येतो तसा. मामांना हाक मारली. ते आले, वास घेतला आणि काही न विचारता न्हाणीतली बादली उचलून आणली. मी बादली धरली. दयानंदनं मला शंभरदा सांगितलं होतं की तारा जोडलेल्या असताना डब्यांजवळ ओला हातसुद्धा आणायचा नाही. मामांना ते पटेना. आग म्हणजे पाणी, हे त्यांचं सत्तर वर्षांचं शहाणपण. बादलीची ओढाताण झाली, अर्धं पाणी माझ्या पायावर सांडलं, आणि ते डब्यांकडे वाहतंय असं दिसल्यावर मी अंगावरचा पदर ओढून जमिनीवर दाबला, पाणी अडवलं. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी बाई मी. तेव्हा ते मलाही आठवलं नाही आणि त्यांनाही दिसलं नाही.

आता मशीन बंद करायचं, नळी सिलेंडरला लावायची आणि आत्यांना उचलायचं. मी मशीनच्या बटणाकडे हात नेला आणि आत्यांनी माझं मनगट धरलं. त्या अंगात एवढी ताकद कुठून आली कुणास ठाऊक.

"बंद नको करू," त्या म्हणाल्या. "करू नको गं पोरी."

मी सांगितलं की सिलेंडर आहे, लगेच लावते. त्यांनी मान हलवली. सिलेंडर संपतो हे त्यांना माहीत होतं. पेटू पाहणारा डबा त्यांच्या समोर होता, पाच हातांवर, आणि त्या घाबरल्या होत्या त्या माझ्या बोटाला. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. त्याइतकं दुष्ट काम मी आयुष्यात केलेलं नाही. बटण दाबलं. मशीनचा आवाज थांबला आणि डब्याचा आवाज खोलीभर ऐकू यायला लागला.

नळी सिलेंडरला लागली. पलंग उंबऱ्यावर अडकेल म्हणून मी आत्यांना वाकळेसकट उचललं. मामांनी सिलेंडर छातीशी धरला. नळी जेवढी लांब तेवढंच आमच्यातलं अंतर. आम्ही तिघं त्या नळीला बांधलेले, एकाच्या पायात एक अडखळत, दारातून ओसरीत, ओसरीतून अंगणात. लिंबाखाली टेकवलं न टेकवलं तोच आत फटाफट आवाज झाले, आणि मधल्या खोलीच्या खिडकीतून पांढरा धूर असा बाहेर आला की जणू कुणी आतून ढकलतंय. ज्या जागी आम्ही उभे होतो ती जागा त्या धुरात गेली.

मला वाटलं, आता घर गेलं. सोयाबीन गेलं, कपडे गेले, सगळं. शेजारचे संगमेश्वरकाका धावत आले, माणसं जमली. काकांनी सगळ्यांना लांब थांबवलं आणि खिडकीतून घमेल्यांनी वाळू आत फेकली. मी आत्यांच्या नळीवर हात ठेवून बसले होते. सिलेंडरचा काटा खाली येत होता. मी तो बघायचा नाही असं ठरवायची आणि परत बघायची. मी मोठ्यानं रडत होते, ते मला नंतर काकांनी सांगितलं.

घर गेलं नाही. पहिला डबा संपूर्ण जळाला, शेजारच्या दुसऱ्याकडे आग गेली नाही. मधे ती विटांची आडवी भिंत होती, जिच्यावरून मी दयानंदला विचारलं होतं की बॅटरी बांधतोय की चूल.

तो आला तेव्हा त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. मोटरसायकलला मागे मोठा सिलेंडर दोरीनं आवळलेला होता. आधी मायजवळ गेला, सिलेंडर बदलला, आत्यांच्या ओठांकडे बघत राहिला. मग आत शिरला. मी थांबवलं तर म्हणाला की आता बाकीचे सुटे करून भाईर काढलेच पाह्यजेत. हातमोजे घालून, एकेक तार तोडून, तो एकेक डबा अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवू लागला.

तिसरा डबा त्यानं शेवटी आणला. त्यात वीज उरलीच नव्हती, म्हणून तो उघडला. मी जवळ गेले. झाकणाच्या भोकांखाली सेलांच्या मधोमध तपकिरी चिकट खपली धरलेली होती, पट्ट्यांवर हिरवा गंज चढलेला, एका कडेला कुंकू वाळून बसलेलं. आणि मुंग्या, मेलेल्या, शेकड्यानं, त्या खपलीत रुतून. मधोमध असलेल्या चार-सहा ओळी त्यानं कधी पाहिल्याच नव्हत्या. बाजूनं बघितलं आणि परत झाकण लावलं होतं.

त्यानं खपलीला बोट लावलं, वास घेतला आणि तसाच उकिडवा बसून राहिला. मलाही तेव्हाच आठवलं. खंडेनवमीला ट्रॅक्टरच्या चाकावर, मोटरच्या अंगावर नारळ फोडून त्यानं पाणी ओतलं होतं. आणि मग त्याच हातानं, त्याच भक्तीनं, सात डब्यांवरही. तिसऱ्याच्या भोकांतून ते आत झिरपलं, त्या ओलीतून तो आतल्या आत रिकामा होत राहिला, आणि रखवालदार गेल्यावर त्याचा वाटा बाकीच्या सहांनी खाल्ला. मला ओल्या फडक्यानं तिथली फरशी पुसू न देणारा माणूस. पण त्या दिवशी ते नारळाचं पाणी होतं. ते पाणी आहे असं त्याच्या मनातच आलं नव्हतं, आणि खरं सांगते, माझ्याही नाही.

मला त्याला बोलायचं होतं. पुरेसं होतं माझ्याकडे, दहा वर्षं पुरलं असतं. पण तो उठून न्हाणीमागे गेला आणि तिथून ओकारीचा आवाज आला, तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले.

संध्याकाळच्या आत त्यानं आमच्या आणि संगमेश्वरकाकांच्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या काढून जोडल्या, ओसरीच्या बाहेर, उघड्यावर. मशीन परत सुरू झालं. आत्यांचा पलंग ओसरीत घेतला. मामांनी विचारलं, काय बिघडलं होतं? दयानंद म्हणाला, सेल जुने होते. मायकडे बघून म्हणाला. बॅटऱ्या नव्या कामाला लागल्या म्हणून मामांनी नारळ आणला. दयानंदनं तो लांब, लिंबाखालच्या दगडावर फोडला, सगळं पाणी लिंबाच्या मुळाशी ओतलं, आणि सगळ्यांना खोबरं वाटलं.

दिवे लागायच्या वेळेला मी ओसरी झाडत होते. भिंतीच्या कडेनं मुंग्यांची रांग चालली होती, बॅटऱ्यांच्या दिशेनं. मी गुडघ्यांवर बसून रांगेच्या मागे सरकत गेले. रांग बॅटऱ्यांच्या वायरीपाशी गेली, तिथून वळली, पलंगाच्या पायावर चढली आणि आत्यांच्या उशीखाली गेली. मी उशी उचलली. खाली खोबऱ्याचा चघळलेला तुकडा होता.

"दात न्हाईत," आत्या म्हणाल्या. "चावंना, म्हणून ठिवलं."

मी तिथंच फरशीवर बसले. हसायला आलं, आणि हसता हसता हुंदका आला. आत्यांनी नळी नाकाशी नीट केली.

"मला दिसल्या होत्या त्या," त्या म्हणाल्या. "पाणी भोकांतून आत गेलेलं बी दिसलं होतं. मग मुंग्या आल्या. बोलले असते तर दयानंदनं बॅटरी सोडून ठिवली असती, मशीन बंद पडलं असतं. म्हून न्हाई बोलले."

समोरच्या खोलीत काळी झालेली भिंत दिसत होती. आत मी होते, मामा होते, हे त्यांना माहीत होतं. आणि माझ्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ अजून तसेच होते.

मी मुंग्या झटकल्या, उशी परत ठेवली आणि मशीनजवळ पाट टाकून बसले. आत्यांनी विचारलं, झोपायला जात न्हाईस का? म्हटलं, नाही, आज इथंच बसते. त्यांनी डोळे मिटले, पण हात चाचपत आला आणि माझं मनगट परत धरलं. मी ते सोडवलं नाही.